शिंप्याचा फोटो

आमच्या निलोफरनं फोनवर शिंप्याचा फोटो मागितला आणि मी केडगावच्या बाजारातल्या जालिंदर शिंप्याचा फोटो काढून नेला. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी मला समजावून सांगावं. शिंपी म्हटल्यावर माणूस शिंप्याच्या दुकानात जाईल, की झाडाखाली जाऊन उभा राहील?

जालिंदरला तर कोण आनंद झाला. बसलेलं गिऱ्हाईक त्यानं उठवलं, केसांना पाणी लावलं, गळ्यात टेप अडकवली आणि मशीनवर नवरदेवासारखा ताठ बसला. "पाय घिऊ नका फोटोत," म्हणाला, "चप्पल तुटलीया." फोटो झकास आला. मोठा करून मी शिरूरला घेऊन गेलो. निलोफरनं पाकीट उघडलं, फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आणि ती हसत सुटली ती थेट खालीच बसली. लग्नानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला यायचा तो राग आला नाही.

"अब्बा, ह्यो शिंपी न्हवं," डोळे पुसत ती म्हणाली. "आपल्या अंजिरावर येतो तो. पानं शिवून घरटं करतो बघा. मी लहानपणी सैपाकघराच्या खिडकीत त्याच्यासाठी कापूस ठिवायची."

"चिमणी म्हणायचं मग."

"चिमणी न्हाई. शिंपी. शेपटी वर करून बसतो. त्याचा फोटो पायजे मला. घरट्यावर आल्याला. खिडकीसमोर."

आता मी इम्तियाज फोटोग्राफर, 'चाँद फोटो स्टुडिओ', केडगाव स्टेशनजवळ. दौंड तालुक्यात मी किती नवरानवरी काढली असतील त्याची गणती नाही, पण बोटाएवढा पक्षी कधी काढला नव्हता. पक्ष्याचा फोटो काढून त्याला विकणार कोणाला? तरीही मी हो म्हणालो. लेक काही मागते आहे, हेच मला पुष्कळ होतं.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी निलोफरनं महेंद्रशी लग्न केलं. महेंद्र भांडगावच्या बौद्धवस्तीतला, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. पोरगा सरळ आहे, मला 'मामा' म्हणतो आणि माझ्या चहात साखर कमी टाकायची आठवण निलोफरला तोच करून देतो. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि शिरूरला दोन खोल्या घेऊन राहिली. सगळ्या पंचक्रोशीची लग्नं मी काढली, आणि माझ्या लेकीच्या लग्नाचा एकही फोटो माझ्याकडं नाही. हे मी हसून सांगतो, पण मला ते फार लागतं.

मला लागलं ते माझ्यापाशी. चांदबीला, म्हणजे माझ्या बायकोला, जे लागलं ते वेगळंच होतं. लग्नाची बातमी तिला भाजीवाल्या सिंधूबाईनं सांगितली. हातात मेथीची जुडी, आणि सिंधूबाई विचारतेय, "पोरीचं लगीन केलं म्हनं, आमाला सांगितलं बी न्हाई?" जातधर्माचं चांदबीनं नंतर गिळलं असतं, मला खात्री आहे. पण सगळ्या बाजाराला कळलं आणि आईला सगळ्यांत शेवटी, हे तिच्या घशाखाली उतरलं नाही. ती घरी आली, मेथी निवडली, भाजी केली, आणि मला वाढताना म्हणाली, "मी तिचं तोंड बघणार न्हाई. आन् माझं तिला दावणार न्हाई."

तोंड बघणार नाही, असं आपल्याकडं शंभर जण म्हणतात आणि पुढच्या सणाला एकत्र जेवतात. चांदबी कवठे येमाईची. तिच्या माहेरची माणसं बोलली की बोलली. तिनं घरातले सगळे अल्बम ट्रंकेत घातले आणि किल्ली कंबरेला लावली. मला बजावलं, "माझा फोटो तिकडं गेला तर बघा." मी गेली तीस वर्षं तिला घाबरत आलोय, तेव्हा काय घाबरणार नव्हतो? निलोफरनंही एकदाच विचारलं होतं, "अम्मीचा एखादा फोटो आणता?" मी म्हणालो, "न्हाई गं, जमायचं न्हाई." तिनं पुन्हा विचारलं नाही. पोर आईवर गेली आहे.

शिरूरला माझी खेप असायची, कारण रोल धुवायची लॅब मी मुद्दाम तिथली धरली होती. दौंडला काय लॅब नव्हती? चांदबीला हे कळत होतं. ती कधी म्हणाली नाही की जाऊ नका आणि कधी विचारलं नाही की पोर कशी आहे. मी परत आलो की माझ्या तोंडाकडं एकदा बघायची आणि जेवायला वाढायची. मधे फक्त भीमा नदी आणि न्हावऱ्याचा रस्ता. एसटीनं दुपारच्या आत पोचता येतं. आखातात गेलेल्या पोरी वर्षाआड येऊन जातात, आणि आमची शिरूरला असून येत नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी सांगितलं, "तिला शिंप्याचा फोटो पायजे म्हणं. अंजिरावरच्या." चांदबी तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सैपाकघराच्या खिडकीच्या गजापाशी कापसाचा पुंजका. जुन्या गादीचा. मला वाटलं, चला, निदान पक्ष्यावर तरी राग नाही.

आता कॅमेऱ्याचं सांगतो. माझा पहिला कॅमेरा सगळा हातानं चालवायचा. रिंग फिरवायची, चित्र पुसट होतं ते स्वच्छ झालं की दाबायचं. पण पन्नाशी उलटली आणि स्वच्छ काय न् पुसट काय, सगळं सारखंच दिसायला लागलं. एका लग्नात वरमाईचं नाक मी असं काढलं की तिनं पैसे देताना मला विचारलं, "धुकं पडलं होतं का हो मांडवात?" तेव्हा पुण्याहून जुना ऑटोफोकसचा कॅमेरा आणला, लांबची लेन्स त्याच्यासोबतच मिळाली. बटण अर्धं दाबलं की लेन्स आपली आपण घर्र फिरायची, टिट करायची, आणि फोटो धारदार. मला वाटलं, अल्लाहनं डोळे परत दिले.

अंगणाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी स्टूल टाकून मी बसलो. समोर अंजीर, अंजिरामागं सैपाकघराची खिडकी. खिडकीसमोरच्याच फांदीवर शिंप्यानं दोन मोठी पानं कडेनं टाचून द्रोण केला होता. नीट टाके घातलेले, कापसाच्या धाग्याचे. जालिंदरला दाखवायला हवे होते. पक्षी यायचा, चोचीत अळी, शेपटी वर, 'टुविट टुविट' असा आवाज त्याच्या मापाच्या दहापट. मी कॅमेरा रोखायचो, बटण दाबायचो, आणि लेन्स घर्र करून पुढं जायची, घर्र करून मागं यायची, पुन्हा पुढं. तोवर शिंपी अळी भरवून, माझ्याकडं पाठ करून, पेरूवर. आणि टिट झालं तरी ते पक्ष्यावर नाही. मागं खिडकीचे गज होते ना, सरळ उभे, काळे. ऑटोफोकसला असलं काही ठळक दिसलं की तो तिकडंच धावतो. हिरव्या पानातला हिरवा पक्षी त्याला कोण विचारतो?

त्यात चांदबी. एरवी जी बाई दुपारी पडवीत बसायची, ती त्या दिवसांत सारखी खिडकीत. मी कॅमेरा उचलला की ही आलीच. कधी कापूस ठेवायला, कधी गज पुसायला, कधी नुसतीच उभी.

"बाजूला हो की," मी ओरडायचो. "पक्षी बुजतोय."

"तो न्हाई बुजत. तुमीच वरडताय."

"अगं पण तू मधी येतीस."

"मी मागं हाय. मधी झाड हाय," ती म्हणायची. "माझ्या खिडकीत हुबं राहायला तुमची परवानगी लागती का?"

पहिला रोल गेला. लॅबमध्ये फक्त निगेटिव्ह धुवून घेतली, कारण वाया गेलेल्याच्या प्रिंटा कोण काढणार. उजेडावर धरून भिंग लावलं तर पक्ष्याच्या जागी ठिपका आणि मागं गज कसे कापून ठेवल्यासारखे. दुसरा रोलही तसाच. माझं डोकं फिरलं. चार पाच गज एक यंत्र दर वेळी बिनचूक पकडतं आणि माझ्या लेकीनं मागितलेला पक्षी पकडत नाही म्हणजे काय? नशीब मी कॅमेरा टाकीत बुडवला नाही.

मग एका सकाळी मी लेन्सच्या बाजूचा छोटा स्विच 'ए'वरून 'एम'वर ढकलला. म्हणजे तू गप बस, आता मी बघतो. रिंग हातात आली आणि बोटांना जुनं आठवायला लागलं. डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पक्ष्याच्या मागं धावणंच सोडून दिलं. घरट्याच्या तोंडाशी एक सुकलेला देठ होता, पक्षी दर वेळी आधी त्याच्यावर टेकायचा. पक्षी नसताना त्या देठावर फोकस लावून ठेवला, चष्मा लावून, चष्मा काढून, पुन्हा लावून. आणि थांबलो. तो आला की रिंग फक्त केसभर इकडंतिकडं. तो टेकला. डोक्यावरचा तांबूस रंग, चोचीतल्या अळीचा पाय न् पाय मला दिसला. मी दाबलं. त्या क्षणी मी तरुण होतो, असं म्हटलं तर चांदबी हसेल, पण होतो.

फोटो असा आला की लॅबवाल्यानं एक प्रत स्वतःसाठी मागितली. शिंपी धारदार, शेपटी वर, घरट्याचे टाके मोजून घ्यावेत असे, आणि मागचं सगळं विरघळलेलं. खिडकी, गज, भिंत, काही नाही. नुसता हिरवा-राखाडी रंग. मी तो घेऊन निलोफरच्या घरी असा गेलो की जणू वरातच.

तिनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरला, तिरका केला, अगदी डोळ्यांजवळ नेला.

"लई भारी आलाय अब्बा," ती म्हणाली. "मागं खिडकी हाय ना ही?"

"हाय की. पण दिसू दिली न्हाई," मी सांगत सुटलो. "त्यातच तर खरी कला असती. ऑटोफोकस सारखा मागं पळत होता, मी त्याचं चालू दिलं न्हाई. हातानं फिरवून मागचं सगळं पुसून टाकलं."

"व्हय," ती म्हणाली. "पार पुसलं."

तिनं फोटो भिंतीतल्या फळीवर उभा करून ठेवला. चहा दिला. साखर कमी. मी निघताना चप्पल घालत होतो तेव्हा माझ्या पाठीमागून तिनं विचारलं, "अम्मी बारीक झाली का हो?"

"न्हाई गं. हाय तशीच हाय," मी म्हणालो आणि निघालो.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली होती. न्हावऱ्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. तिथं गाडी थांबली, एक बाई खाली उभी होती आणि वर गजाच्या खिडकीत बसलेल्या पोरीशी बोलत होती. गाडी सुटेपर्यंत बोलत होती. गाडी सुटल्यावर पोरीनं गज धरून मान वाकडी करून मागं बघितलं, आणि मला एकदम आठवलं. खिडकीसमोर. निलोफर म्हणाली होती, खिडकीसमोर. पेरूवरचा चालला नसता तिला, टाकीवरचा चालला नसता. आईचा फोटो आणता येत नाही म्हटल्यावर पोरीनं पक्ष्याचा मागितला होता. आणि मी गाढव, त्या खिडकीतलं माणूस पुसण्यात आठवडे घातले.

स्टुडिओवाला निगेटिव्ह कधी फेकत नाही, हे एक बरं. दुसऱ्या दिवशी ते वाया गेलेले दोन्ही रोल घेऊन मी पुन्हा शिरूरला. "सगळ्या काढ," लॅबवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, यात पक्षी हललाय सगळीकडं." मी म्हणालो, "हलू दे."

निगेटिव्हमध्ये माणूस उलटा असतो. चेहरा काळा, केस पांढरे, मला त्यात फक्त गज दिसले होते. आता ओल्या प्रिंटा एकेक करून बाहेर आल्या आणि प्रत्येकीत चांदबी. ऑटोफोकसनं तिला अशी पकडली होती की भुवईचा केस मोजावा. एकीत गज धरून उभी. एकीत तोंड उघडं, म्हणजे मला उत्तर देतेय. पण त्या गज पुसायला आल्या नव्हत्या बाईसाहेब. अंगावर ईदची हिरवी साडी, दुपारच्या वेळी, सैपाकघरात. केस विंचरून घट्ट बांधलेले. कानात ते झुमके, जे निलोफरनं पहिल्या पगारातून आणले होते आणि लग्नाची बातमी आली त्या दिवशी हिनं काढून ठेवले होते. आणि प्रत्येक फोटोत नजर सरळ लेन्समध्ये. तीस वर्षांत माझ्या कॅमेऱ्याकडं तिनं असं कधी बघितलं नव्हतं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

लॅबच्या बाकावर मी थोडा वेळ बसून राहिलो. लॅबवाल्याला वाटलं, फोटो बिघडले म्हणून बसलो.

निलोफरला मी पाकीट दिलं. तिनं एकेक फोटो जमिनीवर मांडला, सगळी फरशी भरली, आणि मधे मांडी घालून बसली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. एका फोटोवरच्या हिरव्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हा शिंपी." मग बोट सरकवलं. "झुमके घातल्यात." मग कितीतरी वेळानं, "बारीक झालीया, अब्बा. तुमी रोज बघता म्हणून तुमाला कळत न्हाई." महेंद्र कामावरून आला, दारातच थांबला, फोटोंवर पाय पडू नये म्हणून बाहेरच पायरीवर बसला.

संध्याकाळी घरी आलो. चांदबीनं नेहमीसारखं माझ्या तोंडाकडं बघितलं, पण या वेळी ताट वाढलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"मिळाला का तिला शिंप्याचा फोटो?"

"मिळाला."

"नीट आलाय का?"

"पयला न्हवता आला," मी म्हणालो. "आता आलाय. झुमक्यासकट."

मला वाटलं आता तोफ सुटणार. तुझी शपथ मोडली असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी चावून गिळलं. शपथ अर्धीच मोडली होती. माझं तिला दावणार न्हाई, एवढीच. दुसरा अर्धा तिच्याकडं अजून शाबूत होता आणि तो तिला किती जड झाला होता ते मला आता दिसत होतं, चष्मा न लावता.

चांदबीनं पदरानं हात पुसले. ते कोरडेच होते. मग ताट घेतलं, भाकरी ठेवली, माझ्याकडं न बघता विचारलं, "तिच्या घराला खिडकी हाय का?"

"हाय. रस्त्याच्या अंगाला."

"मंग येत असंल की एखांदी चिमणी," ती म्हणाली. "पुढच्या खेपंला कॅमेरा घिऊन जावा. तिचा फोटो काढून आणा मला."

मी भाकरीचा घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. उठलो, खुंटीवरची बॅग काढली, लेन्स बाहेर घेतली. चांदबी बघत होती. मी स्विच 'एम'वरून पुन्हा 'ए'वर ढकलला आणि बॅग बंद केली.